बारा गुरुवारांची वही

बारामती,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय रंगूअक्का,

सप्रेम जयभीम.

इकडे माझं बरं चाललं आहे. दोन दिवस उघडीप आहे, म्हणून गॅलरीतल्या दोरीवर चादरी वाळत घातल्यात. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझं प्लास्टर आणखी किती दिवस ठेवायचं म्हणाले? आत खाज आली तर काडी घालू नकोस. दीपकची पाळी बदलली का? शेळी व्याली का?

मोनाली, हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस हे मला माहीत आहे. सासूचं पत्र सुनेने वाचायचं आणि त्यात मावशीने असलं काही लिहायचं, तुला अवघड वाटेल. तरी मधलं काही गाळू नकोस. आईच्या तोंडाकडे न बघता वाचलंस तर सोपं जाईल.

अक्का, फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी शेळीचं विचारते आणि ठेवून देते. गेल्या दहा दिवसांत चार वेळा तसंच झालं. चौथ्या वेळी तू गोठ्यात होतीस, म्हणून मोनाली बोलली. म्हणाली, "मावशी, आई विहारात पुढं बसंनात. वर्षावास चालू हाय, रोज संध्याकाळी बाया जमत्यात, पण आई मागं भितीला टेकून बसत्यात. बनाबाईला म्हणल्या, तू सांग, माझा घसा बसलाय."

मी विचारलं, औषध आणलं का?

"कशाचा घसा न् कशाचं काय! सकाळी शेळीवर वरडल्या तर पार फाट्यापतुर ऐकू गेलं."

मी हसले. मग ती म्हणाली, "बनाबाई पंचशील सांगती, आई मागून सगळं म्हणत्यात. चौथ्याला गप्प बसत्यात."

मी फोन ठेवला. तीस वर्षं तू पुढे बसून शील सांगतेस आणि सगळ्या बाया तुझ्यामागून म्हणतात. लिहिता-वाचता येत नसताना नुसतं ऐकून पाठ केलंस, आणि शेळगावातल्या दोन पिढ्यांच्या पोरींना तूच शिकवलंस. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. तिथे तुझा आवाज का अडतो हे तुझ्याखालोखाल मलाच ठाऊक आहे. तेवढंच लिहायचं होतं, आणि मी चादरींपासून सुरुवात केली.

तुला माझा हा योगशिक्षकाचा वर्ग कधी नीट सांगितलाच नाही. एकसष्टाव्या वर्षी हिला हे काय सुचलं असं तुला वाटलं असेल, पण तू विचारलं नाहीस. बँकेतून निवृत्त झाल्यावर दिवस फार लांब झाले. सकाळी सहाला वर्ग सुरू होतो. सतरा जण आहोत, त्यात मी सगळ्यांत म्हातारी. शेजारी राजलक्ष्मी नावाची चोवीस वर्षांची मुलगी असते, ती मला काकू म्हणते आणि खाली बसले की उठायला हात देते. विजयसिंह सर शिकवतात. माणूस कडक, पण आवाज कधी चढत नाही. मला तिथे फार आवडायचं. ओळीत उभं राहायचं, घंटा वाजली की गप्प व्हायचं, नखं कापलेली हवीत; मला माझी शाळाच परत मिळाल्यासारखं वाटलं. पुण्याच्या शाळेतल्या सिस्टर जशा ओळीतून फिरत आणि रिबीन सरळ करत, तसे सर पाठीवर दोन बोटं ठेवून कणा सरळ करतात.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एका माणसाला बारा आठवडे शिकवायचं होतं आणि दर वेळची नोंद वहीत लिहायची होती. सगळ्यांनी आपल्या सोसायटीतल्या कुणाला तरी धरलं. मी सरांना म्हटलं, मी माझ्या बहिणीला शिकवीन, शेळगावला जाऊन. सरांना ते फार भावलं. मलाही, अक्का. एसटीत बसले तेव्हा वाटत होतं, आयुष्यभर हिच्याकडून घेतलं, आता काहीतरी द्यायला चालले आहे.

पहिल्या गुरुवारी तू ओसरीवर सतरंजी अंथरून, वेणी घालून, तयार होतीस. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला होतास. मी तुला उकिडवं बसायला सांगितलं, टाचा न उचलता. तू बसलीस आणि वर बघून म्हणालीस, "मग?" म्हटलं, हेच आसन. तर तू आणि बघायला आलेली बनाबाई इतक्या हसलात! "आगं बाई, ह्याला शिकवणी लागती व्हय? भांगलायला चल माझ्यासंगं, दिसभर आसन करू." मी करून दाखवायला गेले तर माझ्या टाचा उचलल्या. तू मागून धरलंस नसतं तर मी पडले असते. मला राग आला नव्हता. थोडा आला होता.

मग मी तुला श्वास शिकवला. तिथे तरी मला जास्त कळत होतं. श्वास आत घ्यायचा, धरून ठेवायचा, दहा मोजायचे. तू दहा मोजलेस.

आता पहिली गोष्ट ऐक. वहीच्या पहिल्या पानावर रकाने असतात: रक्तदाब, साखर, जुनी दुखणी. शिकवण्याआधी विचारून भरायचे, हा आमचा पहिला नियम. मी विचारलं नाही. सख्ख्या बहिणीला काय विचारायचं, मला काय माहीत नाही, असं म्हणून परतीच्या एसटीत सगळीकडे 'नाही' लिहिलं. तुला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे हे मला माहीत नव्हतं. रक्तदाब असलेल्या माणसाने श्वास कोंडून धरायचा नसतो. हे मला वर्गात दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी मी तुला शवासनात झोपवलं. म्हटलं, आता काही करायचं नाही. तू एक डोळा उघडून विचारलंस, "काय करायचं न्हाय म्हंजी काय करू?" नुसती पडून राहा म्हटलं. "दिवसाढवळ्या?" म्हणालीस. पण पडलीस. हळूहळू तुझा चेहरा सैल झाला, आपल्या आईसारखा दिसायला लागला. मी तुझे तळवे वर करून ठेवले. बोटं उघडेनात. आत वळलेली, विळ्याच्या मुठीवर असावीत तशी. मी एकेक सरळ करत होते आणि सोडलं की ती परत वळत होती. तू डोळे न उघडता म्हणालीस, "आसू दे गं. ती तशीच आसत्यात आता."

त्या बोटांपाशी मला बसवेना. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि मी सहाची. तुला शाळेत घातलंच नव्हतं, आता घरही तुझ्यावर आलं. पुण्याच्या सिस्टरांच्या वसतिगृहात एका मुलीची जागा मिळत होती, ती मला मिळाली. मला पेटीत पांढरे मोजे घालून देताना तू ते आधी स्वतःच्या हातात चढवून बघितले होतेस. मी ते सगळं विसरले नव्हते, पण ते इतकं जवळून, माझ्या हातात, कधी धरलं नव्हतं. एसटीत मी ठरवलं की पुढच्या गुरुवारी पाऊस असेल. पाऊस नव्हता. मी आले नाही.

त्यानंतर मी एकदाही आले नाही. मोनालीने फोन केला होता, "मावशी, आई सतरंजी टाकून बसल्यात." मी म्हटलं, वर्गात परीक्षा आहे. पुढच्या वेळी पाहुणे. त्यापुढे तिने विचारणं सोडलं.

पण वहीत मी दर गुरुवारी येत होते. दहाच्या सुमाराला चहा घेऊन बसायचे आणि लिहायचे. छान लिहायचे, अक्का. ती सवय शाळेतली. दर रविवारी घरी पत्र लिहायला लागायचं आणि सिस्टर ते वाचून मगच पाकीट बंद करायच्या. मी रडून डोळे सुजवलेले असायचे आणि पत्रात लिहायचे, मी इथे अतिशय आनंदात आहे. गुरुजी ते आबांना वाचून दाखवायचे तेव्हा तू दाराआड उभी राहून ऐकायचीस आणि गल्लीभर सांगायचीस, आमची करुणा आनंदात हाय. म्हणजे मी तुला खोटं सांगायचं आणि तू ते खरं समजून पुढे सांगायचं, हे आपल्यात लहानपणापासूनच होतं.

सहाव्या गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलं: 'आज हाताची सर्व बोटे प्रथमच पूर्ण उघडली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले.' सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. राजलक्ष्मी रडली.

आणि तू तिकडे एकटी करत होतीस. मी शिकवलेलं एवढंच, श्वास धरणं. मोनालीला म्हणालीस, "ती धा म्हणली, मी ईस करती. करुणा येस्तवर जास्त झालं पायजे." अठ्ठावीस ऑगस्टला, गुरुवारी, तू श्वास धरून बसलीस, उठलीस आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर हातावर पडलीस. गावाला तू सांगितलंस, शेळीचं दावं पायात आलं. दीपकलाही तेच सांगितलंस. इंदापूरच्या डॉक्टरांनाही. मोनालीने मला खरं सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे वही उघडी होती आणि मी अकरावी नोंद संपवली होती. 'तोल उत्तम. चक्कर अजिबात नाही.'

तेव्हा तरी थांबायला हवं होतं. मी शनिवारी तुला बघायला आले, केळी घेऊन. तुझा उजवा हात गळ्यात बांधलेला. आणि मी काय बोलले? बनाबाई चहा गाळत होती, तिच्यासमोर मी तुला म्हटलं, अक्का, सर व्हिडिओवर तुझ्याशी बोलणार आहेत, दर गुरुवारी येते म्हणून सांगशील का? हात मोडल्याचं सांगू नकोस, आणि बोटं उघडली असं मी वहीत लिहिलंय. तू म्हणालीस, "सांगते की. त्यात काय हाय. तू पास हो म्हंजी झालं." मग जरा विचार करून स्वतःच विचारलंस, "आन् बोटं? उघडली म्हणू व्हय?"

बनाबाईने गाळणी खाली ठेवली. "रंगू, तूबी?" एवढंच म्हणाली. तू तिला म्हणालीस, "तू च्या गाळ."

दहा तारखेला सगळा वर्ग सरांच्या फोनभोवती बसला होता. तू प्लास्टरवर पदर ओढून घेतलास. सरांनी विचारलं, करुणाताई नियमित येतात ना? "व्हय व्हय. दर बेस्तरवारी. एक खाडा न्हाय." सर म्हणाले, बघू, बोटं दाखवा. तू डावा हात पुढे केलास, आणि मी बघितलं अक्का, तू तो आधी मांडीवर दाबून धरलास, तळवा सपाट होईपर्यंत, ओठ आवळून, आणि तसाच दाबलेला दाखवलास. सर म्हणाले, वा. टाळ्या वाजल्या. राजलक्ष्मीने मला मिठी मारली. मीही हसत होते. तुझा चेहरा अजून पडद्यावर होता आणि तू हसत नव्हतीस.

मोनाली म्हणते, त्या संध्याकाळपासून तू मागे बसतेस. तिने फार विचारलं तेव्हा म्हणालीस म्हणे, "जे मी मोडलंय, ते दुसऱ्याला कसं म्हणायला लावू?" मी मोडायला लावलं, हे तू तिलाही सांगितलं नाहीस.

परवा शुक्रवारी मी वर्गात सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. बसूनच सांगितलं. दोनच गुरुवार गेले, दहा घरी बसून लिहिले, रक्तदाब विचारला नाही, ती माझ्यामुळे पडली, फोनवर ती माझ्या सांगण्यावरून बोलली. राजलक्ष्मी माझ्याकडे बघेना. सरांनी वहीची पानं उलटली. म्हणाले, "मला फसवलंत ते सोडा. प्रमाणपत्र मिळणार नाही, तेही तुम्हाला कळतं. त्यांचा रक्तदाब आज कुणी तपासलाय का?" म्हणून आधी ते: मोनाली, उद्याच्या उद्या आईला दवाखान्यात ने आणि ते श्वास धरणं आजपासून बंद.

वही मला परत दिली. मी ती फाडली नाही. बरोबर आणते आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी मी विहारात येईन. तुझी परवानगी मागत नाही, कारण तू 'कशाला गं' म्हणशील आणि मला तेवढंच पुरेल. बाया जमल्या की पंचशील सुरू व्हायच्या आधी मी उभी राहून आत्ता लिहिलं तेवढं सगळं सांगेन. बनाबाईला निम्मं माहीतच आहे. त्यानंतर पुढे बसायचं की भिंतीपाशीच, ते तू ठरव. तू बोललीस ते खोटं होतंच, ते मला तुझ्यावरून पुसता येणार नाही. पण कुणासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे बायांना कळलं पाहिजे. मी सगळ्यांत मागे बसेन. तू सांगितलंस तर तुझ्यामागून म्हणेन. चौथ्याला तू गप्प राहिलीस, तर मीही तिथे तोंड उघडणार नाही, आणि पुढच्या रविवारी परत येईन.

माझ्यावर रागव, अक्का. तू माझ्यावर कधी रागावली नाहीस, म्हणून मला कुठे थांबायचं ते कळलं नाही.

तुझ्या तोंडून खोटं बोललेली, तुझी धाकटी,
करुणा