मामांच्या तोंडासमोरचं डोकं

तिरुपूर,
८ फेब्रुवारी २०११

तीर्थरूप टिकाराममामांस,
भाचा गुणवंतचा सविनय जयभीम वि. वि.

तुमच्याशी फोनवर बोलाचं म्हणजे साऱ्या चेरीताल मोहल्ल्याशी बोलणं होते, म्हणून पत्र. कारखान्याच्या ठोक्यांनी तुमचे कान नेले, पण डोळे शाबूत आहेत, आणि खबर डोळ्यांसाठीच आहे. तुमचा सिनेमा सापडला.

तोच, नागपूरवाल्यांनी जबलपूरजवळ पनागरात काढला होता तो. त्यात तुम्ही बसस्टॉपवर हिरोईनला सांगता, की बाई, गाडी गेली, आता उद्या या. नागपुरात लागला न् उतरला, जबलपुरात मराठी सिनेमा कोण लावते? तेव्हापासून कमानिया गेटचा चहावाला तुम्हाला हीरो म्हणून चिडवून राहिला, आणि घरातबी कोणाला खरं वाटत नाही. मलाबी वाटत नव्हतं, खोटं काहून बोलू.

इथं बनियनच्या कंपनीत सोबतच्या पोराकडे कम्प्युटर आहे. इंटरनेटवर लोक सिनेमे फुकट वाटतात. मी तुमचा मागितला, एका अनोळखी भावानं दिला. मी पाहिला नाही, पहिला मान तुमचा. इथंच काम करणारा आपल्या मोहल्ल्यातला देवीदास सुटीवर घरी येऊन राहिला, त्याच्या हाती सीडी देतो. शेजारच्या विभावरीदीदीकडे लावा.

मामीला जयभीम. लोभ पातळ होऊ देऊ नका.
तुमचा,
गुणवंत


चेरीताल, जबलपूर,
२० फेब्रुवारी २०११

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, सीडीही पोचली. ती धान्याच्या कोठीवर उलटी ठेवली आहे. चोरीचा माल मी पाहणार नाही. आयुष्यभर कारखान्यातून खिळा घरी आणला नाही. त्या खिळ्यावरून तुझी मामी अजून टोमणे मारते. सिनेमाचे निर्माते श्यामसुंदरसाहेब यांना नागपुरास पत्र टाकून रीतसर प्रत मागवली आहे.

आणि मला एक समजाव. चोरून विकला तर समजतं. चोरायचा आणि फुकट वाटायचा, हा कोणता धंदा? इथं भाजीवालीनं कोथिंबीर फुकट द्यायची बंद केली. यात काही तरी गोम आहे. तू आठवीतच गणिताला हात जोडले, म्हणून तुला ती दिसत नाही. त्या माणसाला विचार की बाबा, तू हे काहून करतो. काय म्हणतो ते कळव.

मामी विचारते, तिकडं पोळी भेटते की नुसता भातच.

लोभ आहे, पण आज दाखवत नाही.
टिकाराम


तिरुपूर,
५ मार्च २०११

तीर्थरूप मामांस सविनय जयभीम वि. वि.

विचारलं. तो भाऊ आपल्या अमरावतीकडचा निघाला, दुबईत क्रेन चालवते. म्हणते, सिनेमा त्यालाबी कोणी तरी दिलेलाच. इंटरनेटवरच्या या वाटपाचा कायदा असा आहे, की घेतल्यावर आपला कम्प्युटर लगेच बंद नाही करायचा. चालू ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला आपल्याकडून भेटते. घेऊन पळाला त्याला सारे नावं ठेवतात.

मला झटकन समजलं. समोरच्या भागीरथाबाईची वाटी कढी घेऊन आली, तर मामी ती रिकामी कधी परत पाठवते? काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकते. तसंच हे, फक्त वाटी कोणाची ते माहीत नाही.

काही लोक नावासाठीबी देतात. विहारातल्या पंख्यावर हवेपेक्षा दात्याचं नाव जास्त आहे, तसे. मीबी एक सिनेमा वाटून पाहिला. कोणी तरी थँक्यू लिहिलं. मामा, मी इतके बनियन शिवले, घालणाऱ्या एकानं आजवर थँक्यू म्हटलं नाही. म्हणून म्हटलं, ही नोकरी सोडून दुबईचंच पाहावं.

सिनेमा काढणाऱ्याचं नुकसान होते, हेबी मी त्याला बोललो. त्यावर त्यानं तिथल्या उन्हाचा विषय काढला.

पोळी भेटत नाही. लोभ कोठीवर उलटा ठेवू नका.
गुणवंत


चेरीताल, जबलपूर,
२८ मार्च २०११

चि. गुणवंतास आशीर्वाद.

श्यामसुंदरसाहेबांचं उत्तर आलं. प्रत त्यांच्याकडेच नाही, रिळं गोदामात पाणी शिरून गेली. लिहितात, तुम्हाला कुठून मिळाली तर एक आम्हालाही द्यावी. मालकच मागतो म्हटल्यावर ती चोरी राहिली नाही, असं तुझ्या मामीनं ठरवलं आणि विभावरीकडे सीडी लावली. मीही तिथं होतो, कारण पंखा त्याच खोलीत आहे.

चहावाल्यासकट सारा मोहल्ला जमला. सिनेमा कोणी तरी थिएटरात मागच्या खुर्चीवर बसून कॅमेऱ्यात उतरवलेला. बसस्टॉप आला, हिरोईन आली, पिंपळाआडून मी निघालो, आणि पुढच्या खुर्चीवरचा एक माणूस उठला. त्याचं डोकं बरोबर माझ्या तोंडासमोर. बहुतेक चपला शोधत होता. तो बसला तेव्हा हिरोईन एकटीच उभी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विभावरीनं कागदावर लिहून दाखवलं, की काकाजी, आवाज एकदम साफ आहे, तुमचाच आहे. चहावाल्यानं येऊन हात जोडले. साऱ्या चेरीतालनं मला ऐकलं, गुणवंत. मला तेवढंच जमत नाही. मी डोकं पाहिलं.

चोरायचंच आहे तर जरा नीट चोरता येत नाही का? दुसरी प्रत पाहा, चांगली चोरलेली.

टिकाराम


तिरुपूर,
१० एप्रिल २०११

तीर्थरूप मामांस सविनय जयभीम वि. वि.

दुसरी नाही. दुनियेत जितक्या प्रती आहेत, साऱ्या या एकीच्याच, साऱ्यांत ते डोकं. दुबईवाला भाऊ माफी मागते. गावाकडची बोली कानावर पडावी म्हणून तो हा सिनेमा सारखा लावते, पण डोक्यामागं कोणी माणूस असन हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सीडी साहेबांना पाठवून द्या. आपल्याजवळ आहे, त्यांच्याजवळ नाही. दुबईचं काही जमलं नाही, आता कोचीनचं पाहून राहिलो.

माझ्यावर रागवा, पण लोभ बंद करू नका.
गुणवंत


चेरीताल, जबलपूर,
६ मे २०११

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

सीडी साहेबांना पाठवली. मामीनं ती स्टीलच्या डब्यात घातली आणि वरून शेव भरली. तिचं म्हणणं, नुसती सीडी कशी पाठवायची.

काल डबा परत आला. साहेब आपल्यासारख्याच घरातले असावेत, रिकामा पाठवला नाही. आत शूटिंगच्या वेळचा फोटो होता. पिंपळ आहे, हिरोईन आहे, आणि तिच्यासमोर मी आहे, पूर्ण. तोंड उघडं आहे. म्हणजे बोलूनच राहिलो.

कमानिया गेटच्या स्टुडिओतून त्याच्या प्रती काढून आणल्या. भागीरथाबाईला दिली, विहारात दिली, भाजीवालीला दिली. चहावाल्यानं मागितली नव्हती, त्याला दोन दिल्या. मामीनं हातवारे करून विचारलं, की फुकट काहून वाटून राहिले, तुम्हाला यातून भेटते काय. हे तुझ्या त्या दुबईवाल्या भावाला विचार आणि काय म्हणतो ते कळव. सोबत एक प्रत त्याच्यासाठी आहे. डोक्यामागं कोण होतं ते त्यानंही पाहावं.

कोचीनला जाण्याआधी घरी ये. पोळ्या आहेत.

लोभ आहे. आज दाखवून राहिलो.
टिकाराम