स्टड माझे, कार्बाइड सुश्रुतची

१४ सप्टेंबर, रविवार
संकल्प: दिवाळीआधी स्नोमोबाइल, ती बर्फावरची गाडी, विकायची. विषय संपला.

वरदाचा फोन, सुश्रुतच्या बायकोचा. सुश्रुत गेला त्याला सात महिने झाले. ती आता इथलं, रीडिंगचं घर सोडून कायमची कार्डिफला, मुलीकडे जाते आहे. म्हणाली, गाडी सुश्रुतची आणि तुझी, पैशांत मला वाटा नको, पण मी जायच्या आधी ती तुझ्या गॅरेजमधून गेलेली मला बघायची आहे. ती तिथे आहे तोवर मला वाटतं की तो तिथेच खुडबुड करतोय आणि चहाला हाक मारली की येईल. बिचारी अजून बाहेर पडलेली नाही. मी केव्हाच पडलो. तिला सावरायला हवं.

मात्र गाडी आहे तशी विकणं अनैतिक आहे. हँडलिंग बॅलन्स्ड नाही. मागच्या पट्ट्याला स्टड असतात, म्हणजे टोकदार खिळे. पुढच्या दोन स्कींखाली, म्हणजे घसरपट्ट्यांखाली, कार्बाइड या कठीण धातूची धार. स्टड जास्त झाले तर हँडल कितीही वळवा, गाडी नाकासमोर जाते. कार्बाइड जास्त झाली तर पुढचं टोक बर्फ धरून बसतं आणि मागचं ढुंगण गरकन फिरतं. दोघांचा मेळ बसला पाहिजे. नॉर्वेच्या ट्रिपनंतर ही सेकंडहँड घेतली तेव्हापासून मी स्टडवाला, तो कार्बाइडवाला. रीडिंगला बर्फ पडत नाही, हा मुद्दा आमच्या भांडणात कधी आला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
ऑर्डर द्यायला बसलो. पितृपक्ष चालू आहे हे लक्षात आलं. नवी खरेदी नको. चैत्राली म्हणाली, काल नवी केटल आणलीस की. केटल ही गरज आहे. बायकोला फरक कळत नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये होतो. बॉनेटवर दोन टकटक. स्पष्ट. सुश्रुत गाडीवर बसायच्या आधी अशाच दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, चल रे.
थंडीने पत्रा आकसतो, त्याचा आवाज. तशी थंडी नव्हती. पण पत्र्याला लवकर कळत असेल.

२२ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष संपला. स्वीडनच्या दुकानात फोन लावला. तिथल्या माणसाने विचारलं, चालवणारा कसा चालवतो? म्हटलं, एक जण वळणावर जपून जातो, दुसरा ब्रेक लावतच नाही. तो म्हणाला, एक सेटिंग दोघांना चालणार नाही, खरं चालवणार कोण? म्हटलं, दोघे. त्याने वजनं विचारली. माझं सांगितलं, सुश्रुतचंही सांगितलं. आजारपणाच्या आधीचं.
शेवटी स्टड माझ्या मनासारखे घेतले, कार्बाइड त्याच्या मनासारखी. दोन्ही भरपूर. तो माणूस म्हणाला, एवढी पकड कशाला हवी आहे? लोकांना नसत्या चौकशा फार.

२८ सप्टेंबर, रविवार
फिटिंग पूर्ण. हात सोलवटले. मधे एकदा पाना मागायला हात मागे केला. कोणी दिला नाही. अर्थात. सवय असते.
आता जाहिरात टाकणार. उद्या.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, दोन्ही स्कींखाली लिंबू. कार्बाइडने लिंबं जागच्या जागी चिरली. धार उत्तम.
हलवायला सोपी म्हणून ती चाकांच्या ट्रॉलीवर असते; तिथून खाली उतरवली. पूजेच्या वस्तूला चाकांवर उभं करणं बरं दिसत नाही. चैत्रालीने विचारलं, मग रथाचं काय करतात? दुर्लक्ष केलं. काँक्रीट खराब होऊ नये म्हणून खाली प्लायवूड, वर गणपती मंडळाची मोठी सतरंजी. दूरदृष्टी म्हणतात ती ही. ट्रॉली परत लावीन. वीकेंडला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
जाहिरात राहिली. सस्पेन्शन बसायला हवं म्हणून रोज संध्याकाळी गाडीवर बसून थोडं उड्या मारल्यासारखं करतो. मागे जागा सोडून बसतो. वजनाचा समतोल, बाकी काही नाही.
टकटक आजही. घाबरलो नाही. उलट बरं वाटलं. हे इथेच लिहितो, बोलणार कुठेही नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
उद्या दिवाळी. दिवाळीआधी म्हणजे तुळशीच्या लग्नाआधी, असं मला म्हणायचं होतं.

शेजारचा ब्रायन कुंपणापाशी भेटला. आमच्या गॅरेजची भिंत एकच. म्हणाला, तुझा मित्र हल्ली रोज येतो वाटतं, दोघांच्या गप्पा ऐकू येतात, तो दुसरा बराच चढ्या आवाजात भांडतो. मी म्हटलं, रेडिओ.
घरात येऊन बाथरूममध्ये दार लावून बसलो. म्हणजे मला एकट्यालाच ऐकू येत नाही! ब्रायनला मराठी येत नाही, त्याला कशाला भास होईल? तो येतो. सुश्रुत येतो.
गाडी विकणं शक्य नाही. वरदाला काय सांगू?

१ नोव्हेंबर, शनिवार
सांगायची वेळच आली नाही. तिनेच गिऱ्हाईक शोधलं. स्कॉटलंडच्या एका स्की सेंटरचा माणूस ट्रेलर घेऊन दारात, सोबत वरदा.
गाडी हलेना. स्टड सतरंजीतून प्लायवूडमध्ये रुतलेले, कार्बाइड पुढून रुतलेली. ओढली की अख्खी सतरंजी प्लायवूडसकट सरकायची आणि दाराच्या चौकटीत अडकायची. स्कॉटलंडवाला म्हणाला, बॅलन्स मात्र परफेक्ट आहे, पुढून आणि मागून सारखीच अडकली आहे.

ब्रायन मदतीला आला. हात लावायच्या आधी मी सवयीने बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या. ब्रायन हसून वरदाला म्हणाला, हेच, रोज असंच सुरू होतं. आधी दोन टिचक्या, मग हा आपल्या आवाजात विचारतो आणि दुसऱ्या आवाजात स्वतःलाच उत्तर देतो. परवा खिडकीतून पाहिलं मी, आत दुसरं कोणी नसतं.
मला तोंड लपवायला जागा नव्हती. वरदा हसली नाही. तिने फक्त विचारलं, दुसऱ्या आवाजात तो काय म्हणतो? मी सांगितलं, कार्बाइड कमी पडली म्हणतो. ती म्हणाली, हो, तसंच म्हणाला असता. मग सतरंजी कापायला कात्री तिनेच आणली.

२ नोव्हेंबर, रविवार
गाडी गेली. वरदाही सकाळी गेली. संकल्प पूर्ण, तोही तुळशीच्या लग्नाआधी. मंडळाला नवी सतरंजी द्यायची.
गॅरेजमध्ये आता ट्रेडमिल ठेवणार. तब्येतीकडे लक्ष.
माप घ्यायला गेलो होतो. बॉनेट नाही म्हणून भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. म्हटलं, चल रे. त्याच्या आवाजात म्हणायचं होतं.
माझ्याच आवाजात आलं.