फ्रिजच्या समाचाराला आलेली माणसं

बदनापूर, २१ मे १९९७

सकाळी नळाचं पाणी भरलं. दुपारी पडून राहिलो. आता पत्र लिहितोय.

ती. सौ. कौसल्याताईंना रामरावचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि अण्णासाहेबांचा खोकला बरा असेल. मी ठीक आहे. तुमची धाकटी बहीण उषा गेल्यापासून लोक समाचाराला येतात, पण गेल्या आठवड्यात आले ते फ्रिजच्या. गल्लीत फ्रिज आमचा एकच. तो थंड करेना म्हटल्यावर उषाच्या वेळी बसले होते तसेच सतरंजीवर बसले. मग गल्लीतल्या कडूबांनी विचारलं, "परवापर्यंत तर बरा व्हता. काही तरास?" मी म्हणालो, रात्रभर घरघरायचा. (उषाच्या वेळी याच प्रश्नाला माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. फ्रिजबद्दल मात्र मी बराच वेळ बोललो.)

तेवढ्यात फ्रिज दुरुस्त करणारे ख्वाजामियाँ सायकलवर सिलिंडर बांधून आले. दर उन्हाळ्यात ते गॅस भरतात, वर्षभरात तो उडून जातो, आणि यात आम्हा दोघांना कधी काही गैर वाटलं नव्हतं. पण सुट्टीत आलेल्या तुमच्या देवानंदने सिलिंडरवर हात ठेवला. हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, मग जहरी ऊन थेट खाली येतं, असं त्याने कॉलेजात शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना समजावलं आणि विचारलं, "मावसाजी, इतक्या वर्षांचा गॅस गेला कुठं?"

सगळ्यांनी वर पाहिलं.

शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "वर तर आमची उषा हाये. तिच्याच डोक्यावरचं छप्पर काढलं का रे तुमी?"

ख्वाजामियाँनी सिलिंडर परत सायकलला बांधला. "भाबी के हात की चाय पीके मैं ये काम करा?" गळकी नळी पक्की जोडल्याशिवाय आता गॅस भरणार नाही म्हणाले, आणि जोडकामाचं सामान आणायला जालन्याला गेले. ते सामान मिळेपर्यंत फ्रिज बंद, आणि ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

नळी जोडून, गॅस भरून फ्रिज आता चालू आहे. झुंबरबाई रोज नळीला नाक लावून जातात. (या गॅसला वास नसतो हे त्यांना पटत नाही.) देवानंदला रागावू नका, तो बरोबरच बोलला.

ता. क. त्याचा टॉवेल इथेच राहिला आहे.

आणखी एक. फ्रिज बंद होता तेव्हा वाटीतलं विरजण नासलं. उषाने शेवटचं लावलेल्या दह्याचं होतं, तेच मी पुढे चालवत होतो. (मी दही खात नाही, हे तुम्हाला माहीत आहे.) संक्रांतीला तुम्ही तिच्याकडून विरजण नेलं होतं. ते अजून चालू असेल तर सकाळच्या गाडीने येणाऱ्या कुणाजवळ थोडं द्या. मी स्टेशनवर येईन.

वाटी अजून तशीच आहे. ती आता घासतो.