बाबांची गाडी बंद ठेवायची म्हणून

३ मार्च, सोमवार
बाबा गाडी घेऊन गेले आणि डावा आरसा गमावून परत आले. "कशाला घासली?" तर म्हणे, "कशालाच नाही!" बंपरवर निळा रंग लागलाय. कुणाच्या सायकलचा? विचारही करवत नाही. यांच्या हातात गाडी देऊ नका, असं डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं. बाबांना मी ते पाच वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात. सहाव्यांदा सांगायची माझ्यात हिंमत नाही.

४ मार्च
चावी शिवणाच्या डब्यात लपवली. वीस मिनिटांत गाडी सुरू! स्टिअरिंगखालच्या वायरी काढून डायरेक्ट जोडल्या. पस्तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज चालवलेला माणूस. काल माझं नाव आठवायला वेळ लागला, वायरी मात्र तोंडपाठ. मी कोपऱ्यावर गाडीला आडवी उभी राहिले, म्हणून बाबा थांबले.

६ मार्च
बाबा आंघोळीला गेले तेवढ्यात बॉनेट उघडून स्टार्टरची बारीक वायर कापली. त्यांच्याच पकडीने.

"उंदीर असेल," मी म्हटलं. बाबांनी टोक निरखून बघितलं. "उंदराकडे पक्कड आहे वाटतं!" — आणि हसले. किती दिवसांनी! टेस्ट लॅम्प लावून करंट तपासला, डाख देऊन वायर जोडली, वर टेप. तासाभरात गाडी चालू. मग दमले, जेवले, झोपले. कुठे जायचं होतं ते विसरूनच गेले.

९ मार्च, रविवार
कापली. पाऊण तास. उपाय लागू पडतोय.

१४ मार्च
दादाचा फोन. "विकून टाक ना तो खटारा, विषय संपला." फोनवर सगळं सोपं असतं. तू ये आणि सांग त्यांना!

खरं तर मलाच विकायची नाही. वायर जोडताना बाबा पूर्वीचे असतात. मला कामाला जुंपतात. "लॅम्प धर. वर. अगं वर! लक्ष कुठंय तुझं?" लहानपणी अगदी असेच ओरडायचे. गरज नसताना मी कालही कापली. कशासाठी, ते माझं मला ठाऊक.

२२ मार्च, शनिवार
आज तीन तास. लाल वायर काळीला जोडली, फ्यूज उडाला. पुन्हा तेच, पुन्हा उडाला. मग एकदम उठले ते थेट शेजारच्या काकांच्या दारात. "तूच कापतोस! माझ्या पोटावर पाय देतोस!" कॉलरच धरली. काका बिचारे हात जोडून उभे. आणि मी, खरी चोर, "बाबा, चला घरी" म्हणत त्यांचा दंड ओढत होते. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला माझी.

वायर शेवटी मीच जोडली. बाबांचं बघून बघून येतं आता. दादाला फोन केला — ये आणि गाडी घेऊन जा. पुढच्या रविवारी येतोय.

२५ मार्च
काकांकडे जाऊन सगळं कबूल केलं. "अगं, आधी बोलायचं नाहीस का?" एवढंच म्हणाले. काकूंनी चहा पुढे केला. रविवारपर्यंत रजा टाकलीय. दारातून हलणार नाही, पण पक्कड पुन्हा हातात धरणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार
सकाळी बाबा गाडीपाशी गेले. अडवायला मी दारात तयार. पण ते आत बसलेच नाहीत. बॉनेट उघडलं. दुपारपर्यंत सगळी वायरिंग ओढून फरशीवर. कुठली वायर कुठे जोडायची, ते त्यांना आठवेना. "फॉल्ट सापडत नाही गं," म्हणाले आणि टेस्ट लॅम्प माझ्या हातात दिला. "तू बघ."

गाडी चांगली होती. शनिवारपासून मी काहीच कापलं नव्हतं.

दादाला कळवलं, गाडी न्यायला येऊ नकोस. आता गरज नाही.