टाकीतलं पाणी

मुलुंड, ऑगस्ट १९५७

प्रिय उत्तरा,

गेल्या महिन्यात एका सकाळी भात उतरवून झाकण भिंतीला टेकवलं, तर आतून पाणी ओघळलं. रोजच ओघळतं. पण मनात आलं, वाफ गार झाकणाला लागून पाणी होते, तर कारखान्यातल्या हवेचं काय होत असेल?

रंगाच्या फवाऱ्याला हवा देणारा आपला कॉम्प्रेसर तुला आठवत असेल. कपाटांच्या रंगावर फोड यायचे आणि रंग देणाऱ्या तुझ्या सहदेवरावांवर बोल यायचा, ते फोड आत्ताआत्तापर्यंत येत होते, पावसाळ्यात जास्तच. नवा रंगारी मार्तंड हात पुसून पुसून थकला. मी ग्रंथालयातून यंत्रांवरचं एक जुनं पुस्तक आणलं, अडखळत वाचलं. हवा दाबली की तापते, टाकीत निवते आणि तिच्यातली ओल पाणी होऊन तळाशी साचते. तेच पाणी हवेबरोबर फवाऱ्यात गेलं की रंगाला फोड येतात. तळाची तोटी उघडून ते रोज काढायचं, इतकंच. पण आपल्या टाकीला तोटी कुठे? हे गेल्यापासून दोन वर्षं कारखाना मीच बघतेय, मला कधी दिसली नव्हती.

टाकीतली हवा सोडून दिली, पदर खोचला आणि खाली आडवी झाले. मार्तंड म्हणाला, "बाई, लुगडं गेलं तुमचं." तळाशी हिरव्या रंगाची एक गाठ होती. दर दसऱ्याला पूजेआधी हे स्वतः टाकी रंगवायचे ना, त्या थरांखाली तोटी बुजली होती. खरवडून पान्याने पिळली. तांबडं, गंजाचं पाणी आलं. बादली भरली तरी थांबेना. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाणी काढून मापते. उघडीप असली तर नवटाक, पावसात पावशेर. हवेत एवढं पाणी असतं, मला अजून नवल वाटतं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी सगळ्यांसमोर सहदेवरावांना म्हटलं, "ओल्या हाताने काम करतोस, माझं नाव घालवलंस." त्याच दिवशी ते तुला घेऊन चिपळूणला गेले. मी चहाचे पेले घेऊन दारात उभी होते, बोलले नाही. ह्यांच्या दिवसांना तू एकटीच आलीस, तेव्हाही मनातून मी सहदेवरावांनाच दोष दिला. आता ह्यांची चूक सांगायची, तर उत्तर द्यायला हे नाहीत. म्हणून लिहायला हात धजेना. हे पत्र त्यांना वाचून दाखव. परत यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. आठ दिवस एकही फोड आला नाही, तेव्हा माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या कामगारांना बोलावलं आणि सांगितलं, चूक सहदेवरावांची नव्हती, आमची होती.

तुझीच,
माणिकताई