मधल्या दिवसाचं कारण

अहो,

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी पत्राचा हा मायना पाहिला असता, तर माझ्या बोटांवर पट्टी बसली असती. पण उभ्या संसारात तुम्हाला दुसरी हाक मारली नाही. आता वर गेलात म्हणून 'प्रिय अमुकराव' कुठून आणू?

आज लिहायला बसले, कारण मला भांडायचंय. तुम्ही गेल्यापासून सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात की जीव विटला आहे. तोंडावर उत्तर देणारं माणूस घरात नसलं की जिभेला गंज चढतो, माहीत आहे का तुम्हाला?

भांडण मधल्या दिवसावरून आहे.

शनिवार-रविवारला सोमवार जोडून आला की आपल्या कोपरच्या सोसायटीत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळपासून जिन्यात बॅगांची चाकं खडखडतात. कुणी अलिबागला, कुणी लोणावळ्याला. आणि मागे राहतात म्हातारे. कुंड्यांना पाणी घाला, कुरिअर आलं तर घ्या, आणि मुख्य म्हणजे पडू नका! या मंडळींना तुम्ही 'उरलेसुरले' म्हणायचात. मला तो शब्द मुळीच आवडायचा नाही. त्यांना मात्र तुम्ही खालून "चला, उरलेसुरले!" असं ओरडलात की कोण आनंद व्हायचा!

कुठे कुठे नेलंत हो आम्हाला! दुर्गाडीच्या खाडीवर, तलावपाळीला नावेत, ठाण्यात दुपारच्या नाटकाला. तलावपाळीला उभ्याने भेळ खाताना माझ्या साडीवर चिंचेची चटणी सांडली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, "आता कशी माणसात आलीस!" त्या दिवशी मी तुमच्याशी घरी येईपर्यंत बोलले नव्हते. आज ती साडी नेसूनच लिहायला बसले आहे. डाग काही गेला नाही.

तुमची एक पद्धत होती. कुठेही न्यायचं तर आधी एकटे जाऊन यायचात. तिथलं स्वच्छतागृह उघडं असतं का, बाकाला पाठ आहे का, पायऱ्या किती उंच आहेत, सगळं पाहून यायचात. मी टोमणा मारायची, "लोक देखावे बघून येतात, तुम्ही मोऱ्या बघून येता." तुम्ही म्हणायचात, "अगं, देखावा थांबतो. आपले वॉकरवाले रेगे थांबत नाहीत."

आणि जायचं ते मधल्याच दिवशी. पहिल्या दिवशी तुम्ही सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन आडवे. "आज का नाही?" विचारलं की नाटकातल्यासारखं वाक्य टाकायचात, "आज जाणाऱ्यांचा दिवस, परवा येणाऱ्यांचा. उद्याचा आपला!" मला वाटायचं, आळसाला मुलामा देताय. अहो, साध्या मराठीत 'ट्रॅफिक असतं' म्हणायला काय झालं होतं?

आता ऐका या वेळी काय झालं ते.

तुम्ही गेल्यानंतर दिवाळीला जोडून सुट्टी आली, तेव्हा कुणीच कुणाला घेऊन गेलं नाही. मी तर दारच उघडलं नाही. रेगेकाकांच्या मुलाने, मंदारने, त्या वेळी त्यांना तीन दिवस एका ज्येष्ठांच्या सेंटरमध्ये ठेवलं. 'वीकएंड पॅकेज' म्हणतात त्याला! जागा वाईट नव्हती, काकांनीही तक्रार केली नाही. पण तिथल्या मुली त्यांना 'बाबू' म्हणत आणि सकाळी गोल बसवून चेंडू झेलायला लावत. हा माणूस आयुष्यभर न्यायालयात बेलिफ होता! मोठमोठ्यांच्या दारांवर नोटिसा चिकटवून आलेला! परत आल्यावर कितीतरी दिवस ते वॉकर घेऊन खालीसुद्धा उतरले नाहीत.

या वेळी मंदार पुन्हा त्या सेंटरचं बुकिंग करतोय असं कळल्यावर मी सरळ त्याच्या घरी गेले.

"मंदार, बाबांना इथेच राहू दे. जेवण माझ्याकडे. आणि मी सगळ्यांना फिरायला नेणार आहे."

"काकू, काका होते तेव्हा गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "तुम्ही एकट्या... काही झालं तर?"

"झालं तर तुझ्या आधी मी डॉक्टरांकडे पोचेन. तू अलिबागहून पोहत येणार आहेस का?"

त्याची बायको हसली. तो नाही हसला. "ठीक आहे. या वेळी बघू. पण काही गडबड झाली तर पुढच्या प्रत्येक सुट्टीला सेंटर. मग तुम्ही मधे पडायचं नाही."

आत रेगेकाका टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसले होते. मला दिसत होते ते.

म्हणजे परीक्षा होती हो! आणि मी काय केलं? शनिवारी सकाळीच गाडी ठरवली. शुभस्य शीघ्रम्! उपवन तलावावर जायचं, दुपारपर्यंत परत. रेगेकाका, परेराबाई आणि आणखी चौघं. परेराबाईंनी सगळ्यांसाठी अंड्याची सँडविच केली होती आणि ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी काकडीची. मोठागावचा नवा पूल ओलांडेपर्यंत मी तर विजयी वीरासारखी पुढच्या सीटवर!

पूल संपला आणि अख्खा ठाणे जिल्हा रस्त्यावर उभा! छपरांवर बॅगा, खिडक्यांतून पोरांचे पाय. ड्रायव्हर नंदू म्हणाला, "आजी, काल्हेर-कशेळीवरून काढतो." हा शहाणपणा त्याच्याआधी बाकी सगळ्यांनाही सुचला होता. बाळकुमला येऊन आम्ही जे थांबलो ते थांबलोच. ऊन चढलं. मागून रेगेकाकांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, "वहिनी, मला जायला लागेल हो."

पाठोपाठ परेराबाई, "मी पन. सांगत नव्हते."

त्या क्षणी मला तुमची सगळी वाक्यं एकदम समजली. आणि तुमचा असा राग आला म्हणून सांगू!

रस्त्याच्या कडेला टोलेजंग इमारतींचा एक प्रकल्प होता, भलंमोठं फाटक, आत कारंजं. मी सगळ्यांना उतरवलं आणि मोर्चा फाटकावर नेला. वॉचमनवर माझं सगळं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ओतलं. माणुसकी, ज्येष्ठांचे हक्क, काही शिल्लक ठेवलं नाही. तो बिचारा शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, किसके यहाँ जाना है?"

मी कारंज्याकडे बोट दाखवून पुन्हा इंग्रजी सुरू केलं. मागे रेगेकाका वॉकरवर सगळा भार टाकून डोळे मिटून उभे. माझ्या डोळ्यांपुढे मंदारचा चेहरा.

"माझ्याकडं आलीत ती," आतून आवाज आला. "सोड त्यांना."

फाटकाजवळच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून मोठ्या, नाकात नथ, पायात स्पोर्टचे बूट. त्या उठल्या, रेगेकाकांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता क्लबहाऊसचं दार दाखवलं. मग मला म्हणाल्या, "बस गो बाय. कवढी तापलीस! त्याला कशाला इंग्लिश? त्याला फ्लॅटचा नंबर लागतो."

या पाटीलआजी. जिथे कारंजं आहे तिथे त्यांचा भात पिकायचा. जमिनीच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले, मुलं-नातवंडं महाबळेश्वरला, आजी फाटकावर. आणि एकट्या नव्हत्या हो त्या! क्लबहाऊसच्या मागे बागेत पाहिलं, तर प्रत्येक झाडाखाली एक म्हातारं माणूस. रिकाम्या बागेत सगळे लांब लांब, एकमेकांकडे न बघता बसलेले. एवढी माणसं, एका फाटकाच्या आत, आणि नावं माहीत नाहीत!

परेराबाईंनी सँडविचचा डबा उघडला आणि प्रत्येक झाडाशी जाऊन विचारलं, "अंडा चालते का काकडी?" त्या प्रश्नाने सगळे एका जागी आले.

उपवन राहिलं तिकडेच. आम्ही दिवसभर बाळकुमला! रेगेकाकांनी नोटिसा चिकटवण्याचे किस्से सांगितले. एका बड्या सावकाराने त्यांच्यावर सोडलेला कुत्रा त्यांच्याच मागे शेपूट हलवत स्टेशनपर्यंत कसा आला, हे ऐकताना पाटीलआजी हसून हसून बाकावरून घसरायच्या राहिल्या. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण हे किस्से मला ठाऊक नव्हते. तुम्हाला असणार.

निघताना आजी म्हणाल्या, "उद्या आमी येतो तुमच्याकडं."

मी गडबडले. कुठे नेऊ, काय दाखवू? रेगेकाका म्हणाले, "वहिनी, ते माझ्यावर सोडा."

काल सकाळी ते वॉकर घेऊन नंदूच्या गाडीतून एकटे आपल्या मोठागावच्या रेतीबंदरच्या खाडीवर जाऊन आले. आले आणि मला अहवाल दिला, "बाकाला पाठ आहे. शेजारच्या हॉलचं स्वच्छतागृह उघडतील, मी बोललोय. एक पायरी आहे, फळी टाकायला सांगितली." मी आत जाऊन उगाच कुकर लावला.

रविवारी रस्ता असा मोकळा होता की बाळकुमची मंडळी आमचा चहा उकळायच्या आत हजर! खाडीवर संध्याकाळी वारा सुटला, बगळे उतरले, पाटीलआजींनी हळदीची गाणी म्हटली. तो दिवस खरोखरच आपला होता हो. तुम्ही बरोबर होतात. घ्या, लिहून दिलं!

आज दुपारी मंदार परतला. उन्हाने लाल झालेला, रस्त्यात अडकून वैतागलेला. मी जिन्यातच उभी होते. "काकू, कसं झालं?" त्याने विचारलं. मी खोटं बोलू शकत नाही, सिस्टरनी ती सोयच ठेवलेली नाही. बाळकुम, फाटक, ऊन, खाडीवरच्या पायरीची फळी, सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा कडक झाला. "मग ठरल्याप्रमाणे पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी मला जमणार नाही," रेगेकाका दारातून म्हणाले. "त्या लोकांना मी शब्द दिलाय. जागा मी बघणार आहे. मी नसलो तर बाराचौदा माणसांचं अडेल. तू खुशाल जा कुठे जायचं ते."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी, आयुष्यात प्रथमच, दुसऱ्याकडे, म्हणजे रेगेकाकांकडे, बोट दाखवलं. तो वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, गाडीत सामान चढवायची एक फळी आहे आपल्याकडे. पायरीला चालेल का बघा."

तर भांडण मिटलं. उरले ते आभार. तुम्ही मला घर ठेवलंत, पेन्शन ठेवलीत, त्याबद्दल नाही. जोडून सुट्टीला खाली उतरून हाक मारायची असते, ही सवय ठेवून गेलात, त्याबद्दल. ती नसती तर मी आजही दार लावून आत बसले असते.

आपली लेक बंगळूरहून म्हणते, "आई, सुट्ट्यांना तू इकडेच येत जा." एरवी जाईन. या दिवसांत नाही. हा शब्द देते तुम्हाला: पाय चालतील तोवर मी यांना नेईन. आणि पाय थकले की जो कुणी नेईल, त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसेन आणि त्याच्या एकाही चुकीवर बोट ठेवणार नाही.

एवढं कठीण वचन मी तुम्हाला लग्नातसुद्धा दिलं नव्हतं.

तुमची,
सुनंदा