कुलपाचं कपाट

प्रिय सत्यम,

खुशाली विचारत नाही, रागावले आहे. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सुटतोस, म्हणून लिहून पाठवते. पत्र मध्येच कापता येत नाही.

कुसगावच्या आपल्या स्वयंपाकघरात नवी कपाटं करू म्हणालास, तेव्हा मी अख्ख्या आळीला सांगत सुटले, पोराला आईची कदर आहे. मग पुण्याहून तू पाठवलेला नकाशा घेऊन मकसूद सुतार आला. पांढरीशुभ्र, चकचकीत, दाबलेल्या भुशाच्या एमडीएफची दारं, तीही मुठीशिवाय, बोटाने दाबून उघडायची! कणकेच्या हाताने मी ती दाबायची आणि दिवसभर पुसत बसायचं? अरे, जन्म तुझा इथला. आषाढात आपल्याकडे मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, एवढंही विसरलास? मकसूदने कपाळाला हात लावला. “मावशी, हितं ह्ये न्हाई टिकायचं. दोन पावसाळ्यात च्यात बुडवलेल्या पावावानी फुगंल.” तीस वर्षं तो याच ओलीत रंधा मारतोय, पण तुला शोरूमवाल्यांचं खरं वाटलं.

बजेट तुझं नव्वद हजारांचं, ते मला मान्य. मग ओट्याच्या वर दारं कशाला? तुझ्या बाबांनी आणलेली स्टीलची मांडणी तिथे धडधाकट आहे. ते पैसे वाचवून खाली सगळं ओलीला दाद न देणारं मरीन प्लाय, त्यावर हळदीचे डाग लपतील असा बिनचमकीचा सनमायका आणि हाताला लागेल अशी मूठ. एवढा साधा हिशेब आहे.

पण खरं डोकं फिरलं ते पुढे. वडिवळ्याचा तुझा मामा दरवर्षी इंद्रायणी तांदूळ आणून देतो, त्या पिंपाला नकाशात जागाच नाही. देवाला नाही. पेले उलटे टांगायला मात्र दांडी आहे! आपल्या घरात कोण पितं रे? आणि कोपऱ्यात दीड फुटाचं एकच कपाट, कुलपाचं. मला वाटलं, माझ्या चार दागिन्यांची काळजी केलीस. मकसूदला विचारलं तर तो आधी टेपने ओटाच मोजत बसला. भुशी धरणाकडच्या सहलीवाल्यांच्या बंगल्यांतून तो असलीच कामं करतो. मग खाली मान घालून म्हणाला, “मालकाचं सामान ठिवायचं हाय त्यात. शनिवार-रविवार पावणं ऱ्हायला येत्यात, तवा.”

दिवाळीपासून ‘आई, पुण्याला येऊन राहा’ असं का घोकत होतास, ते तेव्हा कळलं. घर पाहुण्यांना भाड्याने, आणि पस्तीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभी राहिले तिथे माझ्या वाट्याला दीड फूट, तोही कुलपात. सरळ विचारलं असतंस तर एखादे वेळी हो म्हटलंही असतं. विचारलं नाहीस, याचं फार वाईट वाटलं.

तर हे पत्र कळवण्यासाठी, विचारण्यासाठी नव्हे. घर माझ्या नावावर आहे. उद्यापासून मकसूद माझ्या यादीप्रमाणे काम सुरू करतोय. तुझ्या नकाशातलं एकच ठेवलंय, ते कुलपाचं कपाट. तू राहायला आलास की तुझं सामान त्यात ठेव. किल्ली माझ्याकडे असेल.

तुझीच, कुठेही न जाणारी,
आई